नाव-गाव लिहिलेली पुडी

धानोऱ्याच्या बस स्टँडसमोर एका भिंतीला लागून दोन दुकानं होती. एक माझं एसटीडी बूथ आणि दुसरं नूर मोहम्मद यांचं औषधाचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे कुणी खोकला सांगितला तर मला ऐकू यायचा, आणि माझ्याकडे कुणी फोनवर भांडायला लागलं की ते पलीकडून ओरडायचे, “हळू बोला ना भाऊ, बीपीचा पेशंट बसून हाय इथी.” सोळा-सतरा वर्षं आम्ही असे शेजारी होतो. बूथ सांभाळून मी चंद्रपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. गावात माझी जी काही ऐट होती, ती या दुसऱ्या उद्योगाची.

नूरभाई गेल्या महिन्यात वारले. त्यांच्यावर चार शब्द लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मी टाळलं असतं, टाळण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. पण त्यांच्याबद्दल लोक जे बोलतात ते अर्धवट आहे, आणि ते अर्धवट ठेवण्यात माझाच वाटा मोठा आहे. म्हणून लिहितो.

ते मूळचे भद्रावतीचे. वडील शिंपी, तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीतल्या बायांचे ब्लाउज शिवायचे. त्या शिलाईवर पोराला औषधशास्त्राची पदविका करू दिली. एक्याण्णव साली नूरभाई बायकोला, सलीमाभाभींना, घेऊन धानोऱ्यात आले. इथं तेव्हा बदली झाली तर सरकारी माणसं रजा टाकायची, आणि हा गृहस्थ आपण होऊन आला. का आलात म्हणून विचारलं की म्हणायचे, “भद्रावतीत सात मेडिकल. इथी एकबी नोयतं. माणूस आजारी तं दोन्ही जागी पडते ना?”

स्वभाव तिखट होता. पण राग यायचा तो एकाच गोष्टीचा, चुकीचं औषध घेतलं की. त्र्याण्णव साली एकाच गावच्या दोन पुड्या अदलाबदल झाल्या आणि आजोबाची गोळी नातीनं खाल्ली. पोर वाचली, पण गडचिरोलीच्या दवाखान्यात दोन दिवस होती आणि नूरभाई दोन्ही दिवस तिच्या पलंगाशेजारी बसून होते. परत आले ते एक नेम धरून. त्यांच्या दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक पुडीवर आजाऱ्याचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, कोणती गोळी, कशासाठी आणि कधी घ्यायची, हे सगळं निळ्या पेनानं गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असायचं. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. ज्याला वाचता येत नाही त्यानं गावातल्या वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावं, असं ते प्रत्येकाला बजावायचे.

बऱ्याच पुड्या एसटीनंच जायच्या. आतल्या गावांना दुपारी चारची मुक्कामी गाडी. ती रात्री तिथंच थांबायची आणि पहाटे निघायची. कंडक्टरच्या हातात पुडी द्यायची, तो थांब्यावर नाव पुकारायचा, ज्याची असेल तो घ्यायचा. ना टपाल, ना पावती. अर्ध्या तालुक्याचा ताप त्या गाडीनं उतरवला. पेपरची एजन्सीही माझ्याकडेच होती, त्याचे गठ्ठे मीही तिनंच पाठवायचो.

ललिता त्यांच्या दुकानात पाचवीपासून यायची. लालसू उसेंडीची मुलगी, जंगलातल्या गावची, धानोऱ्यात मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. कधी खरजेचं मलम, कधी मैत्रिणीच्या तापाची गोळी. आली की काउंटरला हनुवटी टेकवून खोक्यांवरची नावं वाचत उभी राहायची. नूरभाईंनीच तिला डॉक्टरांचं गिचमिड अक्षर वाचायला शिकवलं. दहावीत असताना ती त्यांच्याआधी चिठ्ठी वाचून दाखवायची आणि हे खोटं खोटं चिडायचे, “तूच बस मंग इथी, मी जातो घरी.” तिला नर्स व्हायचं होतं. बारावी, मग नर्सिंगचं कॉलेज, मग आपल्याच भागातल्या सरकारी दवाखान्यात नोकरी. हे ती दर वेळी न चुकता सांगायची आणि नूरभाई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचे. त्यांची स्वतःची आफ्रीन तेव्हा भद्रावतीला आजीकडे शिकत होती. लेकीच्या वाट्याची माया त्यांनी या पोरीला दिली असं मला वाटायचं.

आता माझं कर्तृत्व सांगतो.

गर्भ राहू नये म्हणून नंतर घ्यायची गोळी सरकारनं दोन हजार पाच साली डॉक्टरच्या चिठ्ठीतून मोकळी केली. दुकानात जा, मागा, घ्या. नूरभाईंना परिपत्रक आलं, त्यांनी ते वाचून टाचून ठेवलं आणि वर्षभर कुणाला काही कळलं नाही. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर आमच्या उपसंपादकानं फोन केला की जिल्हा पान फारच मचूळ निघतंय, जरा झणझणीत काही पाठवा. मी पाठवलं. ‘शाळकरी मुलींच्या हाती ‘ती’ गोळी, पालक हवालदिल’. मी एकाही पालकाला विचारलेलं नव्हतं. शाळकरी मुलगी तर एकही पाहिलेली नव्हती. बातमी भरीव दिसावी म्हणून गोळीचं नाव दिलं, चिठ्ठी लागत नाही हे दिलं, आणि बहात्तर तासांच्या आत, दोन गोळ्या, बारा तासांच्या अंतरानं, हेही दिलं. बातमीवर माझं नाव छापून आलं. मी तो अंक बूथच्या काचेला लावला.

नूरभाईंनी तो काचेवरच वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, “अतुलभाऊ, हे खबर हाय का भीती? मले विचारलं असतं तं सांगितलं असतं ना. वर्षभरात दहा-बारा नेल्या असतीन लोकायनं, साऱ्या बायकोवाल्यायनं.”

मी हसण्यावारी नेलं.

जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि लच्छूभाऊंना मुद्दा हवा होता. लच्छूभाऊ म्हणजे आमच्या गटातले इच्छुक. रस्ता, वीज, धानाचा भाव हे मुद्दे इतरांनी आधीच उचलले होते, माझी बातमी रिकामी होती. त्यांनी ग्रामपंचायतीच्या सभागृहात सभा घेतली, नूरभाईंना आणि तोवर गावात आलेल्या दुसऱ्या मेडिकलवाल्याला पुढं बसवलं. ठराव असा की लग्न न झालेल्या मुलीला ती गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. दुसऱ्या दुकानदारानं बसल्या बसल्या सही ठोकली. नूरभाई उठून म्हणाले की सरकारचा नियम वेगळा आहे, मी परिपत्रक दाखवतो. तेव्हा लच्छूभाऊ शांतपणे म्हणाले, “नियम ठेवा तुमच्या गल्ल्यात, नूरभाऊ. तुमच्या दुकानातून आमच्या पोरी बिघडल्या तं लोक का म्हणतीन, याचा इचार करा.”

‘तुमच्या’ आणि ‘आमच्या’. पंधरा वर्षं या गावाचा ताप उतरवणाऱ्या माणसाला सभागृहात एका वाक्यानं परका केला. मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. सगळे गप्प होते, मीही होतो. नूरभाईंनी सही केली. घरी गेल्यावर सलीमाभाभी म्हणाल्या, “आपने दस्तखत काहे को किया?” त्यावर ते जेवले नाहीत, असं भाभींनीच मला नंतर सांगितलं.

जानेवारीतल्या शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, ललिता दुकानात आली. तिला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती, परीक्षा दीड महिन्यावर होती. त्या दिवशी तिनं हनुवटी टेकवली नाही. दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला उभी राहिली आणि मग गोळीचं नाव घेतलं, अगदी बरोबर उच्चार करून. नूरभाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिली असती, असं ते मला पुढं कितीदा म्हणाले. ते म्हणाले, “चिठ्ठी आन डॉक्टरची.” ती म्हणाली, “चिठ्ठी लागत नाई, नूरभाऊ.” ते म्हणाले, “इथी लागते.” एवढंच बोलणं झालं. मी भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकला. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नव्हता, आणि भेटला असता तरी वसतिगृहातल्या मुलीनं त्याला काय सांगायचं होतं? चारच्या गाडीनं ती गावी गेली.

रविवारी सकाळपासून नूरभाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. गिऱ्हाइकाला उलटं बोलले, दोनदा शटर अर्धं ओढलं, पुन्हा उघडलं. चारला पाच मिनिटं असताना माझ्या दारात आले. हातात पुडी. त्यांच्या दुकानात दम्याची म्हातारी धाप टाकत बसलेली होती, तिला सोडून निघता येईना. “अतुलभाऊ, एवढं कंडक्टरले देऊन या. गाडी निघून राह्यली.”

मला वाचायची खोड आहे. चालत चालत वाचलं. ललिता लालसू उसेंडी, गाव, गोळीचं नाव. ‘मिळाल्याबरोबर एक. दुसरी बारा तासांनी. बहात्तर तास व्हायच्या आत घेणे.’ सूर्य, चंद्र, सगळं जागच्या जागी. ज्या माणसाच्या हातून तेरा वर्षांत एकही पुडी बिननावाची गेली नव्हती, त्याला ही एक बिननावाची पाठवायचं सुचलंच नाही. पोरीनं चुकीची घेऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण मला सुचायला काय झालं होतं? माझ्या बूथमध्ये पाकिटांचा अख्खा डबा होता. एका पाकिटात ती पुडी घालून बंद केली असती, तिच्याच हातात दे म्हणून कंडक्टरला बजावलं असतं तर काम झालं असतं. मला आठवतं, माझ्या मनात काय आलं ते. मनात आलं, ‘अच्छा, म्हणजे गडी अजून विकतोय.’ आणि मी पुडी कंडक्टरच्या हातात दिली, वर माझ्या पेपरचा गठ्ठा ठेवला.

त्या गावच्या थांब्यावर पेपर घ्यायला तिथले गुरुजी येऊन उभे असायचे. कंडक्टरनं नाव पुकारलं. लालसू पुढं आला, पुडी घेतली आणि नेहमीप्रमाणे, म्हणजे नूरभाईंनीच लावून दिलेल्या सवयीप्रमाणे, वाचून द्या म्हणून गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. बारा तास, बहात्तर तास, हे त्यांनी आधी वाचलेलं होतं. कुठं, ते सांगायला नको. माझी बातमी नसती तर त्या थांब्यावर कुणालाही त्या पुडीचा अर्थ लागला नसता. तापाची गोळी समजून पोरीच्या हातात पडली असती.

गुरुजींनी पुडी परत दिलीच नाही. पुरावा म्हणून खिशात घातली आणि सोमवारी वसतिगृहाच्या बाईंच्या टेबलावर ठेवली. दुपारपर्यंत ललिताचं नाव पटावरून कमी झालं. सामान बापाला न्यायला सांगितलं.

बुधवारी लालसू दुकानात आला. मला वाटलं, आता हा नूरभाईंची कॉलर धरणार, म्हणून मी मध्ये पडायला गेलो. तो फळीवर बसला. खोक्यांकडे पाहत म्हणाला, “नूरभाऊ, तुमची दवा आमच्या बापानं घेतली, मीबी घेतली. कदी खराब नाई निंगाली. मंग या बारीले दवा आली म्हून पोरीले शाळेतून काऊन काढलं?”

लालसूनं पुढं एवढंच विचारलं, “अना ते दवा देल्ली नाई गुरुजीनं. आता उशीर झाला का?” नूरभाईंनी मान हलवली. लालसू उठून गेला. रागावलासुद्धा नाही, आणि तेच नूरभाईंना सोसवलं नाही. त्याच्या गावात पोरगा-पोरगीचं जुळलं म्हणून कुणी आकाश कोसळल्यासारखं वागत नाही, घरची माणसं बसून बोलतात. आभाळ आम्ही कोसळवलं, शहाण्यांनी.

दुसऱ्या दिवशी नूरभाई वसतिगृहात गेले, मुलीला परीक्षेपुरती तरी राहू द्या म्हणाले. बाईंनी ठरावाची प्रत दाखवून विचारलं की ही सही तुमचीच ना, मग पाठवली कशी? तिकडून लच्छूभाऊंची पोरं दुकानासमोर येऊन बसली. तीन दिवस शटर बंद. चौथ्या दिवशी नूरभाईंनी सभागृहात हात जोडले, तेव्हा ती पोरं उठली.

त्या संध्याकाळी ते माझ्या बूथमध्ये आले. ती पुडी गाडीवर द्यायला सांगितली ते सोडलं, तर सोळा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणाले, “अतुलभाऊ, माफी मी मागितली, ते जाऊ द्या. तुमी एक लिवा. गोळी सरकारनं देल्ली हाय, चिठ्ठी लागत नाई, अठरा वर्सांच्या पोरीनं मागितली तं गुन्हा नाई. एवढं छापून आलं तं मी ते घेऊन कलेक्टरकडे जातो. परीक्षेले अजून महिना हाय.”

मी बसून लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, खोटं नाही सांगत. फॅक्स केला. उपसंपादक म्हणाला, निवडणूक होऊ द्या, मग बघू. मी बरं म्हणालो. दुसऱ्या पेपरला देता आलं असतं, गडचिरोलीला जाऊन भांडता आलं असतं. नूरभाई रोज सकाळी गठ्ठा सुटायच्या आधी येऊन उभे राहायचे, पानं उलटायचे आणि जायचे. बारा-तेरा दिवस आले, मग यायचे थांबले. निवडणूक झाली. लच्छूभाऊ आपटले. माझी बातमी शिळी झाली आणि मी ती पुन्हा पाठवली नाही. फेब्रुवारीत ललिताला, तिचं ज्या मुलाशी जुळलं होतं, त्याच्या घरी नेऊन ठेवलं. बारावीचे पेपर चालू होते त्या दिवसांत तिला उलट्या सुरू होत्या.

त्यानंतर नूरभाईंनी पुड्यांवर लिहिणं सोडलं. लोक पुडी उलटीपालटी करून विचारायचे, “नाव काऊन नाई टाकलं, भाऊ?” ते तोंडानं सांगायचे, दोनदा सांगायचे, पेन उचलायचे नाहीत. “माझ्या अक्षरानं पोरीचा घात केला,” हे एकच वाक्य त्यांनी धरून ठेवलं होतं. मी समजूत घालायचो की अहो, अक्षराचा काय दोष. बातमीचा दोष आहे, हे वाक्य मात्र माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. त्यांनीही कधी माझ्यावर बोट ठेवलं नाही. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात दुकान विकून ते भद्रावतीला गेले.

गेल्या जूनमध्ये ललिता माझ्या बूथवर आली. कडेवर दोनेक वर्षांचा मुलगा. बारावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरायचा होता, दहावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स हवी होती. शेजारच्या दुकानाकडे पाहून म्हणाली, “नूरभाऊ कुठी गेले?” मी सांगितलं, भद्रावतीला, तब्येत बरी नसते. आणि त्या पुडीबद्दल त्यांना किती वाईट वाटतं, तेही सांगितलं.

ती झेरॉक्स पाहत म्हणाली, “त्याईले सांगजा, पुडी पाठवली त्याचा मले राग नाई. नाव लिवलं त्याचाबी नाई. ते तं साऱ्याच पुड्यायवर लिवत.” मग पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. “पर मी समोर उभी होती तवा काऊन नाई देल्ली? चिठ्ठी लागत नाई हे मले ठाऊक होतं. तुमच्याच पेपरात वाचून आलती मी. त्याईलेबी ठाऊक होतं. डॉक्टरचं अक्षर मले ज्यानं शिकवलं, त्यानंच मले चिठ्ठी मागितली. तो राग हाय. तो जात नाई.”

मी झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. तिनं ते काउंटरवर ठेवले आणि गेली.

जुलैत मी भद्रावतीला गेलो. नूरभाई पलंगावर होते, हाडांची काडं झालेली. सलीमाभाभींनी चहा आणला. मी म्हणालो, ललिता भेटली होती, फॉर्म भरतेय. ते उठून बसायला लागले, भाभींनी पाठीला उशी दिली. मी म्हणालो, “तिनं सांगितलंय, पुडी पाठवल्याचा राग नाही. नाव लिहिल्याचाही नाही.”

ते रडले. आवाज न करता, तोंडावर हात धरून बराच वेळ रडले. भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी केवढा उपकार केलाय. नूरभाई अडीच वर्षं ज्या चुकीसाठी झिजले, ती चूक त्या पोरीनं कधी धरलीच नव्हती. जी धरली होती ती माझ्या जिभेवर होती. सभागृहात ते उठले होते तेव्हा त्यांच्या बाजूनं एक माणूस जरी उठला असता तर ती चूक झाली नसती, आणि तो माणूस वही घेऊन पहिल्या रांगेत बसला होता.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, “अजून का म्हणाली?”

“काही नाही,” मी म्हणालो. “एवढंच.”